जहाजाच्या नळ्या

रोज सकाळी प्रयोगशाळेतला पंप सुरू केला की रजनी अंबेकर रबरी नळीच्या तोंडावर डाव्या हाताचा अंगठा ठेवायची. पंप घरघरायचा, नळी जराशी थरथरायची, आणि मग आतून कुणी धरून ठेवावं तशी अंगठ्याला ओढ लागायची. ओढ मनासारखी घट्ट वाटली की मगच ती नळी काचेच्या बाटलीला जोडायची आणि मातीचे नमुने गाळायला घ्यायची. पंपावर काटा होता आणि तो बरोबर चालायचा. तरी अंगठा ठेवल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे. इतकी वर्षं तसं करून अंगठ्याच्या पेरावर एक फिका, गुळगुळीत गोल उमटला होता. लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी मुकुंदच्या तो लक्षात आला तेव्हा त्यानं भाजलं का म्हणून विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "हजेरी आहे ती."

बदनापूरच्या संशोधन केंद्रात ती प्रयोगशाळा सहायक होती आणि राहायला जालन्यात. रोज सकाळची पॅसेंजर, रोज संध्याकाळची पॅसेंजर. लहानपणी पोलिओ होऊन डावा पाय गेलेला. पायाला कंबरेपर्यंत कॅलिपर, म्हणजे लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचे पट्टे. जालन्याला गाडीत चढणं त्यातल्या त्यात सोपं होतं, पण बदनापूरचा फलाट खाली आणि डब्याची पायरी वर. तिथं बेबीनंदा आधी चढायची, वरून हात द्यायची आणि रजनीला उचलून घ्यायची. बेबीनंदाही जालन्याचीच, त्याच केंद्रात शेतावर कामाला होती, आणि पोती उचलून उचलून तिचे दंड असे झाले होते की रजनी वर कधी आली ते रजनीलाही कळायचं नाही.

"ताई, तुमी म्हंजे अर्धा क्विंटल हरभरा," बेबीनंदा म्हणायची. "फकस्त बोलनारा."

रजनी हसायची. पण घरी आल्यावर मुकुंदला ती उजव्या दंडावर उमटलेली बोटं दाखवायची, चार एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला, आणि काहीच बोलायची नाही. मुकुंद विमा कंपनीच्या कार्यालयातून निवृत्त झाला होता. भांडणं त्याला सोसत नसत. बायको गप्प बसली की ती रागावली आहे की दमली आहे हे त्याला सगळ्या संसारात नीट ओळखता आलं नाही. त्या खुणांचं मात्र त्याला कळायचं. ज्या हाताचे उपकार मोजता येत नाहीत त्या हातावर रागावताही येत नाही, हे तिचं दुखणं होतं.

शेडमध्ये जहाज उभं होतं. जहाज म्हणजे मुकुंदच्या वडिलांची, डॉक्टर अप्पारावांची, जुनी अमेरिकन इंपाला. हैदराबादच्या एका घरातून त्यांनी ती हौसेनं आणली होती. आकाशी रंगाची, एवढी लांब की गल्लीच्या कोपऱ्यावर वळताना लोक ओट्यावर चढून उभे राहत. जालन्यात तिला कुणी गाडी म्हटलं नाही. रजनी सून होऊन आली त्या वर्षी अप्पांनी एका रविवारी तिला शेडमध्ये नेलं, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि काठीनं खाली दाखवलं.

"मोज बरं."

"दोनच आहेत," रजनी म्हणाली.

"दोनच. एक पळायला, एक थांबायला. क्लचच नाही हिला, गिअर तिचे तीच टाकते. डावा पाय काय करतो? आराम करतो."

नंतरचे काही रविवार मोती तलावाच्या बाजूच्या मैदानात गेले. पिंपळगाव रेणुकाईच्या शेतकरी घरातली ही पोर, जिला बैलगाडीतसुद्धा कुणीतरी उचलून बसवायचं, ती एवढं मोठं धूड गोल गोल फिरवत होती आणि बाजूला अप्पा पान खात बसले होते. आरटीओच्या साहेबानं तिच्या पायाकडे पाहिलं, गाडीच्या दोन पेडलांकडे पाहिलं आणि फक्त बिनगिअरच्या गाडीसाठी म्हणून परवाना दिला. पुढं अप्पा गेले. जहाज आधी कुरकुरलं, मग थांबलं. पण परवान्याची मुदत संपली की रजनी न चुकता नवा करून आणायची. चालवायला गाडी नाही आणि परवाना ताजा, यावर मुकुंद हसायचा.

"माझा पासपोर्ट आहे तो," ती म्हणायची. "गाव ठरायचंय अजून."

गाव ठरलं ते निवृत्तीच्या आधीच्या थंडीत. जेवताना, भाकरीचा तुकडा मोडता मोडता, तिनं सांगितलं, "शेवटच्या दिवशी केंद्रात मी स्वतः जाणार आहे. स्वतः म्हणजे गाडी चालवत."

"कोणती गाडी?" मुकुंदनं विचारलं, उत्तर माहीत असताना.

"आपल्याकडं दुसरी कोणती आहे?"

पुण्याहून मुलाचा, ऋषीचा, फोन आला. तो समजुतीच्या सुरात बोलत होता. आई, हल्ली छान छोट्या ऑटोमॅटिक गाड्या मिळतात, मी बघतो ना एखादी.

"मिळतात रे. पण ती घरी येईपर्यंत तू स्टिअरिंगवर बसलेला असशील आणि मी मागं. आणि दार उघडून द्यायला तूच खाली उतरशील."

ऋषीनं विषय बदलला. मुकुंदला मात्र तेव्हापासून धास्ती होती. त्या गाडीचं वजन त्याला माहीत होतं.

भोकरदन नाक्यावर वसंताचं गॅरेज होतं. जाफराबादकडे जाणाऱ्या सगळ्या काळ्यापिवळ्या जीपा त्याच्या हाताखालून गेलेल्या. जहाज बघायला तो आला तेव्हा आधी त्यानं चप्पल बाहेर काढली, मग स्वतःच ओशाळून परत घातली. टाकी साफ झाली, कार्बोरेटर उघडला गेला, बॅटरी नवी आली. एका दुपारी इंजिन खोकललं, पुन्हा खोकललं आणि सुरू झालं. शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. रजनीनं भिंत धरली होती. तिचे ओठ हलत होते, पण त्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

गल्लीतल्या फेरीत मात्र गाडी वेगळीच वागली. इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी रांगायची, दुसरा गिअर काही पडायचा नाही. आणि पडला की असा झटका बसायचा की वसंताचं डोकं मागं आपटायचं.

"गिअरबॉक्स गेला, मॅडम," वसंता मान चोळत म्हणाला. "जीप असती तं म्या डोळे झाकून खोलला असता. हिचं मला कळंना. सामान बाहेरून मागवा लागंल. दिवाळी पकडा."

"मी मेमध्ये रिटायर होते, वसंता."

"मंग मी काय करू? तारीख लांबवता येत असंल तं पाहा."

रजनी बॉनेटवर वाकली होती. इंजिन चालूच होतं. तिनं मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाली, "हे फुसफुस काय आहे?"

वसंताला ते ऐकू येत नव्हतं. मुकुंदलाही नाही. तिला येत होतं, कारण आयुष्यभर तिनं तोच एक आवाज सांभाळला होता. कुठंतरी हवा आत जात होती. इंजिनाच्या कुशीला एक लहानसं तोटीसारखं तोंड होतं आणि त्यावर रबराचा कुरतडलेला तुकडा लोंबत होता. बाकीची नळी उंदरांनी कधीच खाल्ली होती. रजनीनं तो तुकडा ओढून काढला आणि तोंडावर डाव्या हाताचा अंगठा ठेवला.

इंजिनाचा आवाज बदलला. अडखळणं थांबलं, सूर खाली आला, एकसारखा झाला. तिनं अंगठा उचलला, पुन्हा खोकला. ठेवला, पुन्हा शांत.

"व्हॅक्यूम आहे," ती म्हणाली. मुकुंदनं तिला इतकं खुश देवळातही पाहिलं नव्हतं. "अहो, हा आमचा पंपच आहे. इथून नळी कुठंतरी जात असणार. शोध वसंता, दुसरं टोक शोध."

वसंता गाडीखाली गेला. खालून बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते. मग आवाज आला, "गिअरबॉक्सच्या मागं डबी हाये, मॅडम. गोल. तिच्यावर बी असंच तोंड हाये, उघडं."

त्यानं डबी काढून आणली. रजनीनं ती पदरानं पुसली, तिचं तोंड ओठात धरून आतली हवा ओढली आणि जीभ लावली. सगळे तिच्याकडं बघत राहिले. जीभ सुटेना, तेव्हा तिनं डोळ्यांनीच खूण केली की चांगली आहे. आतला पडदा फाटलेला असता तर ओढ टिकली नसती.

मग सगळं एकमेकांशी जुळत गेलं. वसंतानं जाणत्या मित्राला फोन लावला, रजनीनं केंद्रातून येताना पॅसेंजरमध्ये बसून मोबाइलवर जुनी चित्रं पाहिली, आणि दोघांनी मिळून अर्थ लावला. गिअरबॉक्सला डोळे नसतात. इंजिनावर किती ताण आहे हे त्याला या ओढीवरून समजतं. रस्ता सोपा असला की ओढ जास्त, डबी गिअर लवकर आणि हळुवार बदलू देते. चढ असला की ओढ कमी, मग गिअर दमानं पडतो. नळीच नसली तर बिचाऱ्याला वाटत राहतं की गाडी कायम घाट चढते आहे. एकूण तीन नळ्या होत्या: एक या डबीला, एक ठिणगी वेळेवर टाकणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला, आणि तिसरी, जाड, ब्रेकच्या डब्याला, ज्याच्यामुळे पाय हलका ठेवला तरी गाडी थांबते.

"म्हंजे गिअरबॉक्स गेला न्हाई," वसंता म्हणाला. "बहिरा झाल्ता."

बारीक नळी जालन्यात कुठं मिळेना. वसंतानं शक्कल काढली. त्याच्या भावाच्या मोसंबीला ठिबक होतं. झाडाच्या बुडाशी थेंब सोडणारी काळी बारीक नळी तो वेटोळं करून घेऊन आला. मापात बरोबर बसली. त्या सकाळी जहाज गल्लीतून असं गेलं की दुसरा गिअर कधी पडला ते कळलं नाही. रजनीनं बेबीनंदाला फोन करून नुसतं इंजिन ऐकवलं.

ऊन चढल्यावर पुन्हा झटके सुरू झाले. वसंतानं नळी काढली, तपासली, कुठं भोक नव्हतं. थंड झाल्यावर लावली, गाडी पुन्हा छान. गरम झाली की पुन्हा तेच. वसंता वैतागला. रजनीनं इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि टॉर्च लावून बसून राहिली. बऱ्याच वेळानं तिनं बोलावलं. उष्णतेनं नरम पडलेली नळी आतल्या ओढीनं चपटी झाली होती, दोन्ही कडा एकमेकींना चिकटल्या होत्या.

"पाणी आतून ढकलतं, म्हणून ठिबकला पातळ चालते," ती म्हणाली. "इथं ओढ आहे. जाड भिंतीची पाहिजे. आमच्याकडं आहे तशी."

"मंग आना की केंद्रातून हातभर. कोन इचारतं?"

"मी विचारते," रजनी म्हणाली.

वसंता संभाजीनगरला जाऊन जाड भिंतीची, आत सुताची वीण असलेली नळी विकत घेऊन आला. त्याच फेरीत ब्रेकच्या नळीत मधे बसवायचा एकतर्फी व्हॉल्व्हही आणला, कारण जुना गंजून एक झाला होता. इंजिन बंद पडलं तरी ब्रेकच्या डब्यातली ओढ निसटू नये म्हणून तो असतो. जीपला तो डब्यातच बसून येतो, उलटा बसूच शकत नाही. हा सुटा होता, दोन्ही तोंडं सारखी, पोटावर एक बाण.

"बाण कुनीकडं?" वसंतानं विचारलं.

शेडमध्ये तेव्हा तिघं होते आणि तिघांनी एका दमात इंजिनाकडून ब्रेककडं हात केला. यात विचार करण्यासारखं काय होतं? विहिरीवर मोटार बसली की तिच्यापुढं असाच व्हॉल्व्ह लागतो, बाण मोटारीपासून शेताकडं. वसंतानं तसे शेकडो पाहिलेले. रजनी तर पिंपळगावात लहानपणी मोटारीशेजारीच खेळलेली, चालता येत नाही म्हणून तिला तिथं लक्ष ठेवायला बसवत. मुकुंदलासुद्धा तेवढं माहीत होतं. वसंतानं क्लिपा आवळल्या.

"मी बाहेर काढते," रजनी म्हणाली.

ती बसली. डावा पाय हातानं उचलून आत घेतला, पट्टा सरळ केला. मुकुंद बाजूला बसला. गाडी शेडमधून सुटली, गेटमधून बाहेर आली, उताराला लागली, आणि तिनं ब्रेकवर पाय ठेवला.

पेडल दगडासारखं होतं. तिनं जोर दिला. गाडी थोडी रेंगाळली, पण थांबेना. समोर गल्लीचा शेवट होता आणि तिथं तातेराव बांधकाम करत होते. मुकुंदनं डोळे मिटले. रजनीनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं आणि जहाज तातेरावांच्या वाळूच्या ढिगात शिरलं, हळूच, बैल पाण्यात उतरावा तसं.

कुणाला खरचटलंही नाही. तातेराव बाहेर आले, ढिगाकडे पाहिलं, बंपर पाहिला. "वहिनी," ते म्हणाले, "कमी पडत असंल तर सांगा, अजून एक ट्रक मागवतो."

वसंता हसला. मुकुंदला हसू आलं नाही. जहाज मागं ओढून शेडमध्ये लावल्यावर त्यानं किल्ली काढली आणि खिशात टाकली.

"बास, रजनी. झालं तेवढं खूप झालं. तुला एकच पाय आहे. तो कमी पडला तर दुसरा नाही."

असं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, तेच वाईट होतं. ती आत गेली आणि भाजी निवडायला बसली. नंतरचे दिवस ती पॅसेंजरनं गेली, पॅसेंजरनं आली. गाडीचं नाव काढलं नाही. किल्ली मुकुंदच्या खिशात टोचत होती. झोपताना तो ती उशीखाली ठेवायचा, जशी काही ती कुणी चोरणार होतं. ती मागणार नाही हे त्याला ठाऊक होतं. मागून मिळालेल्या गोष्टींचा तिला कंटाळा होता.

असंच एका संध्याकाळी ती घरी आली ती थेट शेडकडं वळली. खांद्याची पर्ससुद्धा काढली नाही. मुकुंद मागं गेला तर ती बॉनेट उचलायच्या खटपटीत.

"स्क्रू ड्रायव्हर द्या."

"रजनी, आपलं ठरलंय ना."

"किल्ली नको. स्क्रू ड्रायव्हर मागतेय."

त्यानं दिला. क्लिप ढिली करता करता ती स्वतःशी बोलावं तसं बोलत राहिली. "बाण उलटा आहे. तीस वर्षं ओढणाऱ्या पंपाशेजारी बसले आणि घरी येऊन गाडीला पाणी सोडलं. आज नळी बाटलीला लावताना हात थांबला माझा. इंजिन काही देत नाही हो ब्रेकला. तिथली हवा ओढून घेतं. वाट ब्रेककडून इंजिनाकडं आहे."

"वसंताला बोलावू?"

"वसंता हसेल आणि म्हणेल, मला वाटलंच होतं. उद्या बोलवा. आज मीच करते."

तिनं व्हॉल्व्ह काढला, फिरवला, पुन्हा बसवला. क्लिप आवळताना तिच्या मनगटाची शीर उभी राहिली. मग ती बाजूला झाली आणि म्हणाली, "आता तुम्ही बसा. मी नाही. ब्रेक दाबून धरा आणि मग गाडी सुरू करा."

मुकुंदला गाडी चालवता येत नव्हती. वडिलांनी शिकवायचा प्रयत्न केला होता आणि सोडून दिला होता. त्या सीटवर तो किती वर्षांनी बसत होता. त्यानं ब्रेकवर पाय दाबला. पेडल कडक होतं, त्या दिवशी रजनीला लागलं तसंच. त्यानं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि त्याच्या पायाखालचं पेडल आपोआप खाली गेलं, मऊ झालं, जणू गाडीनं त्याचा पाय आपल्या हातात घेतला. त्यानं पुन्हा सोडून दाबलं. पुन्हा तसंच. बोटभर जोर दिला तरी पुरत होता.

काचेतून रजनी त्याच्याकडं बघत होती. तिला विचारायचं नव्हतं, त्याला कळू द्यायचं होतं. त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि किल्ली तिच्या हातात दिली.

"उतारावर आधी सावकाश," एवढंच तो म्हणाला.

"तुम्ही शेजारी असाल तर सावकाशच जावं लागतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वसंता आला, व्हॉल्व्हकडं पाहिलं आणि म्हणाला, "मला वाटलंच होतं." दोघं इतके का हसताहेत ते त्याला समजलं नाही. मग तोही हसला आणि व्हॉल्व्हच्या इंजिनाकडच्या तोंडावर खडूनं एक फुली मारून ठेवली, पुढच्या माणसानं चुकू नये म्हणून. त्यानंतर रोज पहाटे मोती तलावापर्यंत फेरी व्हायची. वसंता मागच्या सीटवर झोपून कान लावायचा. एके दिवशी तो खरंच झोपून गेला, आणि त्यालाच रजनीनं पसंतीची पावती मानली.

मेचा शेवटचा दिवस उजाडला तो तापलेलाच. नळ्यांची खरी परीक्षा अशाच दिवशी व्हायची होती. रजनीनं मोरपंखी साडी नेसली, पदर कमरेला खोचला, डावा पाय आत ठेवला. चंदनझिऱ्याला आपल्या घरापुढं बेबीनंदा रस्त्यावर उभी होती, हातात कापडात गुंडाळलेला नारळ. जहाज समोर येऊन थांबलं तरी ती चढेना.

"बस ना गं."

"ताई, हे माझ्यापेक्षा लांब हाये. कोन्या दारानं शिरू?"

"तुला पाहिजे त्या. चारही तुझीच."

बेबीनंदा मागं एकटी, मधोमध बसली. दोन्ही हात सीटवर पसरले आणि मुकुंदला म्हणाली, "साहेब, आज मी हरभरा."

रस्त्याला लागल्यावर मुकुंद झटक्याची वाट पाहू लागला. इंजिनाचा आवाज चढला, आणि मग काहीच झालं नाही. नुसता सूर उतरला. दुसरा गिअर पडला होता, झोपलेल्या मुलाला कूस बदलून द्यावी तितक्या अलगद. ट्रकवाले हॉर्न वाजवत बाजूनं जात होते, वाकून बघत होते. एका चढावर गाडीनं आपलं आपण ओळखलं, जरा जोर केला, माथ्यावर पुन्हा निवांत झाली. रजनीची नजर रस्त्यावर होती आणि कान बॉनेटखाली. मुकुंद मात्र तिच्याकडे बघत होता. लग्नात सगळे म्हणाले होते, मुकुंदनं मोठ्या मनाची गोष्ट केली. ते त्याला कधी आवडलं नव्हतं, पण खोडून काढताही आलं नव्हतं. आज त्याला वाटलं की त्या सगळ्यांनी, जे हयात आहेत त्यांनी, या रस्त्याच्या कडेला उभं राहावं.

केंद्राच्या फाटकाशी दोन दारं होती. बाजूचं छोटं, पायी येणाऱ्यांसाठी, ज्यातून ती रोज जायची. आणि गाड्यांसाठीचं मोठं, जे साहेबांची जीप आली की उघडायचं. रखवालदार हरिओम सवयीनं छोट्या दाराशी उठून उभा राहिला. मग त्यानं स्टिअरिंगमागं कोण आहे ते पाहिलं. तो मोठ्या फाटकाकडं गेला आणि दोन्ही झडपा ढकलून भिंतीला टेकवल्या. रजनीनं गाडी आत घेतली, लिंबाच्या सावलीत उभी केली, ब्रेकवर पाय हलकेच ठेवला. जहाज थांबलं.

शाल, नारळ, भाषणं झाली. साहेब तिच्या कामाबद्दल चांगलं बोलले, आणि ते खरंही होतं. आभाराला उभी राहिल्यावर ती म्हणाली, "पंपाचं तेल गेल्या सोमवारी बदललंय. नळीवर अंगठा ठेवून बघत जा." खाली बसली. परतताना बदनापूरच्या स्टेशनापाशी तिनं गाडीचा वेग कमी केला. संध्याकाळची पॅसेंजर उभी होती. तिघांनीही तिच्याकडे पाहिलं, आणि रजनीनं जहाज पुढं काढलं.

त्यानंतर जालन्यात जहाज पुन्हा दिसू लागलं. पिंपळगावला रेणुकाईच्या दर्शनाला ती दोनदा जाऊन आली, भावाला शेजारी बसवून मळ्यापर्यंत नेलं. बेबीनंदाच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा दवाखान्यात जहाजच गेलं. कॉलनीतल्या बायका वरातीला गाडी मागायला यायच्या. ती द्यायची, पण चालवणार ती स्वतः, ही अट असायची. एका नवरदेवाच्या मामानं विचारलं, ड्रायव्हर कुठाय? रजनीनं त्याला मागं बसायला सांगितलं. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी ती वसंताला बोलावून तिन्ही नळ्या दाबून बघायची. कडक झाली की बदलायची. वसंता आता लांबून आलेल्या गाडीवाल्यांना सांगायचा, व्हॅक्यूमचं काम असंल तर मॅडमला इचारून सांगतो, आणि खरंच विचारायचा.

गेल्या वर्षी, पोळा होऊन गेल्यावर, एका दुपारी जेवून ती जरा पडली ती उठली नाही. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. त्रास झाला नसावा. मुकुंद त्या वेळी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. येणाऱ्या माणसांनी त्याला विचारलं, शेवटचं काही बोलल्या का. लोकांना काहीतरी मोठं ऐकायचं असतं. मुकुंद खरं तेच सांगायचा, आणि सांगताना त्याची मान ताठ असायची. झोपायच्या आधी तिनं बेबीनंदाला फोन केला होता. दुसऱ्या दिवशी दोघींना बदनापूरच्या बाजाराला जायचं होतं आणि बेबीनंदा तिकडून म्हणत असावी की रिक्षानं येते तुमच्याकडं.

"नको गं, तू घरीच थांब," रजनी म्हणाली. "दहाला मी येते घ्यायला."